बुटाच्या तळाची कड: जुना रंग उतरवून मनासारखा रंग कसा चढवावा

चामड्याचे चांगले बूट घेतले की आपली सगळी माया वरच्या चामड्यावर जाते. क्रीम, मेण, ब्रश सगळे तिथेच. तळाची कड म्हणजे सोलची ती जेमतेम आठ-दहा मिलिमीटर उंचीची पट्टी. ती खरचटून पांढरट पडेपर्यंत कुणी तिच्याकडे बघत नाही. पण बूट चार पावलांवरून कसा दिसतो, हे बऱ्याच अंशी हीच पट्टी ठरवते. काळ्या बुटाला काळी कड असली की सोल पातळ भासतो आणि बूट नेटका, औपचारिक दिसतो. त्याच बुटाची कड चामड्याच्या मूळ बदामी रंगाची केली, तर सोल जाड दिसू लागतो आणि त्याच्या एकेक थराकडे नजर जाते. वरच्या चामड्याला हात न लावता बुटाचा बाज बदलायचा हा एक चांगला मार्ग आहे, आणि घरच्या घरी करण्याजोगा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेकांचे काम इथेच फसते. रंग लावणे हा यातला सर्वांत सोपा आणि छोटा भाग आहे. जुने मेण नीट उतरले आणि कड नीट घासली गेली, तर साध्या डायनेही, म्हणजे चामड्यात मुरणाऱ्या पातळ रंगानेही, सुंदर काम होते. ती तयारी अर्धवट राहिली, तर कितीही उंची रंग आणा, तो डागाडागांनीच बसतो. तीन संध्याकाळी हाताशी ठेवा, आणि त्यातली पहिली पूर्ण तयारीला द्या.

कड चामड्याचीच आहे ना?

बूट आडवा धरून कडेकडे नीट बघा. वेल्ट, म्हणजे वरचे चामडे आणि सोल यांना जोडणारी चामड्याची अरुंद पट्टी, लावून शिवलेल्या बुटात सर्वांत वर वेल्टची पट्टी दिसते, तिच्या वरच्या बाजूने शिवणीचे टाके फिरतात आणि तिच्याखाली सोल असतो. काही बुटांत या दोघांमध्ये आणखी एक पातळ थर असतो. ब्लेक पद्धतीच्या बुटात शिवण आतून थेट सोलमध्ये उतरते. लायमन ब्लेक यांनी 1858 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावरून हे नाव पडले. तिथे बाहेर वेल्टची गरज नसते, म्हणून सोल वरच्या चामड्याला अगदी चिकटून कापलेला असतो. अशा बुटाची कड रंगवता येते, पण चुकायला जागाच नसते. पहिल्यांदा करत असाल तर वेल्टचा बूट घ्या.

आता बुटाच्या कमरेशी, म्हणजे टाचेच्या पुढे सोल जिथे आत वळतो तिथे, आतल्या बाजूला नखाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने घासा. तंतू मोकळे होऊन फिकट तपकिरी भुकटी निघाली आणि त्यावर टेकवलेला पाण्याचा थेंब हळूहळू मुरला, तर ते चामडे आहे. काळी, रबरासारखी वळकट निघाली आणि पाणी वरच राहिले, तर तो रबर किंवा प्लॅस्टिकचा सोल आहे. त्यात डाय मुरत नाही. वरून ॲक्रिलिकचा थर देता येतो, पण पाऊल वळते तिथे तो लवकर तडकतो. अशा बुटाच्या नादी लागू नये, असे माझे मत आहे.

टाच वेगळी तपासा, ही तपासणी वगळू नका. चांगल्या बुटाची टाच चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली असते. पण पुष्कळ बुटांत चामड्याच्या चुऱ्याचा दाबलेला पुठ्ठा असतो, किंवा आत प्लॅस्टिकचा ठोकळा आणि बाहेर चकत्यांच्या रेघा छापलेला पातळ वेष्टनासारखा थर असतो. तो घासला की रेघा पुसल्या जातात आणि आतला ठोकळा उघडा पडतो. ते नुकसान भरून येत नाही. टाचेच्या मागच्या बाजूला, तळाजवळ हळूच घासून बघा. रेघा फिक्या होऊ लागल्या तर टाच घासायची नाही. तिच्यावर फक्त गडद रंगाचा हात द्यायचा, किंवा कडेचा रंगच टाचेला जुळेल असा निवडायचा.

कोणता रंग?

गडद करणे सोपे, फिकट करणे अवघड. बदामी कड काळी करायला तासभर पुरतो. काळी कड बदामी करायची तर रंग जितका खोल मुरला आहे तितके चामडे खरवडून काढावे लागते, आणि चामडे परत येत नाही. म्हणून एकदम टोकाला जाऊ नका. काळ्यावरून गडद तपकिरीवर या, महिनाभर बूट घाला आणि मग ठरवा.

मनाशी ठेवायचा आडाखा असा: कड वरच्या चामड्यापेक्षा एक छटा गडद ठेवली की बूट औपचारिक राहतो. तपकिरी बुटाला गडद तपकिरी कड क्वचितच चुकते. लालसर तपकिरी बुटाला काळी कड दिली तर लाली उठून दिसते, आणि मला स्वतःला हीच जोडी सर्वांत आवडते. काळ्या बुटाला बदामी कड देता येते, पण मग तो बूट सुटाखाली घालण्याचा राहत नाही. आणि लाल, हिरवी, निळी कड? चौदाव्या लुईच्या फ्रेंच दरबारात लाल टाचा हा मोजक्यांचाच मान होता, तेव्हा तळाशी रंग मिरवण्याची हौस काही आजची नाही. पण झगझगीत कडेवर एक ओरखडाही लांबून दिसतो. तो दर आठवड्याला भरून काढायची तयारी असेल तर जरूर करा.

वेल्टवरच्या टाक्यांचा विचार याच टप्प्यावर करा. फिकट दोरा आणि गडद कड असा मेळ अनेकांना हवा असतो. सुती किंवा तागाचा दोरा डाय लगेच पितो आणि मग त्याचा मूळ रंग परत येत नाही. पॉलिएस्टरचा दोरा रंग अर्धवटच घेतो आणि ठिपकेदार दिसतो. माझ्या पहिल्या जोडीत मी टाके झाकायला विसरलो. पांढऱ्या दोऱ्याचा मळकट राखाडी झाला, आणि तो बूट हातात घेतला की अजूनही नजर आधी त्या टाक्यांवरच जाते.

काय काय लागेल

ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. 150, 240, 400 आणि 600 नंबरचे पॉलिश पेपर. रंगकामाला वापरतात ती कमी चिकट कागदी टेप. जुन्या बनियनच्या चिंध्या, कान कोरायच्या कापूसकाड्या, नायट्राइलचे हातमोजे. नमद्याचा तुकडा गुंडाळलेली चपटी काडी. रंग. मधमाशीचे मेण आणि कार्नोबा (एका पामच्या पानांचे कठीण मेण) यांची मिश्र कांडी. घोटायला हाडाची किंवा कठीण, गुळगुळीत लाकडाची पट्टी, आणि जाड सुती कापड.

रंगाचे तीन प्रकार मिळतात. स्पिरिटमधला डाय खोल मुरतो आणि झटपट वाळतो, पण हात चुकला तर डागही तितक्याच झटपट पक्का होतो. पाण्यातला डाय सावकाश मुरतो आणि चूक सुधारायला अवधी देतो. तिसरा प्रकार खास कडेसाठी बनवलेल्या शाईचा, म्हणजे एज ड्रेसिंगचा. त्यात रंगाबरोबर मेण किंवा राळेसारखा बंध असतो, तो थोडा मुरतो आणि थोडा वर थर धरतो. 1895 पासून चामड्याचे रंग करणाऱ्या अमेरिकेतल्या फिबिंग्ज कंपनीचे डाय आणि एज ड्रेसिंग या कामात पुष्कळ वापरले जातात. नव्या माणसाने पाण्यातला डाय घ्यावा. काळी कड पुन्हा काळीच करायची असेल, तर एज ड्रेसिंगचा एक हात पुरतो.

स्टील वूल मुद्दाम या यादीत नाही. सोलचे चामडे सहसा झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेले असते. टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आले की काळा रंग तयार होतो. स्टील वूलचे अदृश्य कण कडेत रुतले आणि वर ओला रंग आला, तर बदामी कडेवर काळे ठिपके उमटतात आणि ते साध्या धुण्याने जात नाहीत.

झाकाझाक

नाड्या काढा, बुटात लाकडी ट्री, म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा, घाला म्हणजे धरायला कणखर होईल. वरचे चामडे वेल्टला जिथे भिडते तिथून सुरू करून वर दोन बोटे रुंद टेप लावा. ती नखाने फटीत नीट दाबा. टेप एकाच दिवसासाठी लावायची, रात्रभर ठेवली तर काढताना वरच्या चामड्याचे फिनिश उचलू शकते. वेल्टचा वरचा पृष्ठभाग आणि टाके रंगवायचे नसतील तर त्यांवरही अरुंद टेप फिरवा.

जुने मेण उतरवा

कारखान्यात कडेला शाई लावतात, वरून मेण देतात आणि गरम इस्त्रीने ते आत बसवतात. ते मेण असेपर्यंत नवा रंग आत शिरत नाही. खिडक्या उघडा, जवळपास ज्योत किंवा शेगडी नको. चिंधीच्या टोकाला थोडे ॲसिटोन घ्या, टपकेल इतके नाही, आणि एकेका टप्प्यात दहा सेंटिमीटर कड पुसत जा. चिंधी काळी होईल. मेणाचा गिलगिलीतपणा बोटाला लागेनासा झाला की पुढे सरका आणि दर वेळी चिंधीची स्वच्छ बाजू वापरा, नाहीतर काढलेले मेण पुढे पसरत जाते. ॲसिटोनचा एक थेंब वरच्या चामड्यावर पडला तर तिथले फिनिश क्षणात उतरते. वेल्टच्या कोपऱ्याशी म्हणूनच चिंधीऐवजी जवळजवळ कोरडी कापूसकाडी वापरा.

घासाई

या टप्प्याला जितका वेळ द्याल तितका थोडा. पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून घासू नका. बोट मऊ असते, त्यामुळे कडेचे कोपरे गोल होतात आणि सोल झिजल्यासारखा दिसतो. पेपर एखाद्या सपाट लाकडी पट्टीवर ताणून धरा. घासायचे ते कडेच्या लांबीच्या दिशेने, टाचेकडून टोकाकडे. वर-खाली घासले तर आडव्या रेघा पडतात, आणि रंग लावला की त्या रेघांतच जास्त जमतो.

150 नंबरने सुरुवात करा. जुना रंग जिथे आडमुठा आहे तिथे जोर लावण्याऐवजी जास्त फेऱ्या मारा. जोर लावला की खळगा पडतो. दर चार-पाच फेऱ्यांनी भुकटी ब्रशने झाडा आणि बूट उजेडाकडे तिरका धरून बघा. वेल्टचे टाके कडेपासून फार आत नसतात, म्हणून अर्धा मिलिमीटर ही मी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे. त्यापलीकडेही काळेपणा उरला तर बदामीचा हट्ट सोडून तपकिरीवर समाधान मानतो. दोन्ही बूट शेजारी ठेवून काम करा. एक पूर्ण करून दुसरा घेतला तर दोघांची कड सारखी होत नाही, आणि सोलची रुंदी कमी-जास्त झाली तर ती समोरून लगेच कळते.

वेल्टच्या वरच्या पृष्ठभागावर टाक्यांच्या मधोमध चाकाने उठवलेल्या बारीक खाचा असतील, तर तिथे पेपर अजिबात लावू नका. त्या खाचा गेल्या की परत आणायला मोच्याचे खास चाक लागते.

मग 240, मग 400. आता स्वच्छ ओल्या फडक्याने कड नुसती दमट करा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर बोट फिरवा, कड पुन्हा खरखरीत लागेल. ओल लागली की दबलेले तंतू उभे राहतात, तीच ही लव. ती आता 600 ने अलगद उतरवा. हे केले नाही तर पहिल्या रंगाच्या ओलीने लव उभी राहील आणि रंगावरून घासावे लागेल. 600 नंतर कड दिसायला मंद, पण हाताला रेशमासारखी लागली पाहिजे. पहिली संध्याकाळ इथे संपते. टेप काढून ठेवा.

काळ्या बुटाला खरोखर फिकट कड हवी असेल, तर एक चांगली वेळ अशी: सोल बदलायला टाकताना. नव्या सोलची कड कोरीच असते, आणि कड कापताना वेल्टचा काठही थोडा निघतो. मोच्याला आधीच सांगा, की कडेला शाई लावू नका, नुसती घासून द्या.

रंगाचे हात

नवी टेप लावा. पण टेपने डाय पूर्ण अडत नाही. तो फटीतून वर चढतो, वात तेल ओढते तसा. म्हणून वेल्ट आणि वरचे चामडे यांच्या सांध्यात कापूसकाडीने बिनरंगी मेणाचे पॉलिश भरा. टाके वाचवायचे असतील तर त्यांवरही मेण घासा. मेण जिथे आहे तिथे रंग मुरत नाही, हा मघाचा शत्रू आता कामाला लावायचा.

आधी नमुना. बुटाच्या कमरेशी आतल्या बाजूला, जिथे सुरुवातीला घासून पाहिले होते तिथेच, रंग लावा, वाळू द्या आणि वर मेण घासा. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो आणि मेण लागले की पुन्हा गडद होतो. खरा रंग तो शेवटचा. जास्त गडद वाटला तर डाय त्याच्याच द्रावकाने पातळ करा. पातळ रंगाचे तीन हात दाट रंगाच्या एका हातापेक्षा केव्हाही बरे.

नमदा रंगात बुडवा आणि कागदावर टेकवून निथळू द्या. कडेच्या मध्यावर टेकवा आणि न थांबता लांब ओढत न्या. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यापासून मिलिमीटरभर दूर राहा, रंग आपोआप तिथवर पसरतो. न पोचलेली जागा शेवटी कापूसकाडीने भरा. कमरेच्या आतल्या बाजूने सुरू करून टोकाला वळसा घाला आणि बाहेरच्या बाजूने टाचेपर्यंत या. टाच सर्वांत शेवटी, कारण तिच्या चकत्यांच्या काठांचे तंतू जास्त उघडे असतात आणि त्या रंग अधाशासारखा पितात. टाचेला नमदा जवळजवळ कोरडाच लावा, नाहीतर ती उरलेल्या कडेपेक्षा गडद होऊन बसते.

पहिला हात वाळला की कोरड्या कापडाने चोळा. कापडाला सुटा रंग लागेल, तो निघू द्या. मग दुसरा हात, गरज वाटली तर तिसरा. बदामी कड ठेवायची असेल तर रंगाचा टप्पाच नाही, थेट मेणाकडे जायचे. फक्त लक्षात ठेवा, कोरी कड मेणाने गडद होतेच, आणि उन्हाने व वापराने पुढे आणखी मधाळ होत जाते.

शेवटच्या हातानंतर टेप काढा आणि बूट 24 तास बाजूला ठेवा. हे 24 तास केवळ रंगासाठी नाहीत. पुढे उष्णता द्यायची आहे, आणि ओले चामडे उष्णतेने आकसते, कडक होते. वनस्पतिज टॅनिनने कमावलेले चामडे ओले असताना 70-80 अंश सेल्सियसच्या आसपास आकसू लागते. कोरडे चामडे त्याहून बरेच सोसते.

मेण आणि घोटाई

मधमाशीचे मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, कार्नोबा 80 च्या पुढे. पहिले मऊ, तंतूंत शिरणारे, दुसरे कठीण आणि चकाकी धरणारे. नुसते मधमाशीचे मेण लावले तर कड चिकट राहते आणि धूळ धरते. नुसता कार्नोबा ठिसूळ, पाऊल वळले की पांढऱ्या भेगा दाखवतो. मिश्र कांडी म्हणूनच.

कांडी कडेवर जोरात घासा, पातळ थर दिसला पाहिजे. हेअर ड्रायर एका वीतभर अंतरावरून सतत हलवत धरा. मेण चमकून पारदर्शक झाले की थांबा, आणि ते कोमट असतानाच हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीने कड घोटायला लागा. लांब, एकसारखे, जोर लावून. हाताला आधी अडखळल्यासारखे वाटते, मग पट्टी एकदम सरकू लागते. ती सरकली की समजायचे, तंतू बसले आणि मेण भरले. मोच्याची कडेची इस्त्री असेल तर काम आणखी छान होते, पण ती आधी मेणाच्या तुकड्यावर टेकवून बघा. मेण वितळले पण धूर आला नाही, इतपतच गरम हवी.

हे दोनदा करा. दुसऱ्या वेळी मेण अगदी थोडे. थंड झाल्यावर जाड सुती कापड दोन्ही हातांत ताणून, कडेवर पुढे-मागे ओढत चकाकी आणा. कड काचेसारखी झाली नाही तरी चालेल, खोल आणि एकसंध दिसली की काम झाले.

काही बिघडले तर

रंग डागाडागांनी बसला, तर फिक्या जागी मेण उरले होते. त्यावर आणखी रंग थापू नका. तेवढाच भाग ॲसिटोनने पुसा, 400 आणि 600 ने घासा आणि पुन्हा हात द्या. कड चिकट राहिली तर मेण जास्त झाले आहे. ड्रायरने कोमट करून कापडाने पुसून घ्या. एज ड्रेसिंगचे पापुद्रे निघत असतील, तर थर जाड झाले आहेत. तो भाग साफ खरवडून पातळ हाताने पुन्हा सुरू करा.

वरच्या चामड्यावर रंग लागला तर तो वाळायच्या आत टिपा, पुसू नका. पुसले की पसरतो. वाळलेला डाग काढायला ॲसिटोनकडे हात जाईल, तो आवरा. त्याच रंगाचे क्रीम पॉलिश दोन-तीनदा देऊन डाग झाकण्याचा प्रयत्न करा. फिकट बुटावरचा काळा डाग मात्र पूर्ण जाईलच असे नाही. म्हणूनच ती सांध्यातली मेणाची रेघ चुकवायची नाही.

पुढची निगा

पहिले दोन दिवस बूट पावसात घालू नका. दर तीन-चार पॉलिशला कडेवर मेणाची कांडी फिरवून कापडाने घोटा, उष्णतेची गरज नाही. टोकाशी खरचटले तर 600 ने जरासे घासून, त्याच डायचा कापूसकाडीभर हात आणि वर मेण. त्यासाठी उरलेला रंग छोट्या बाटलीत, छटेचे नाव आणि किती पातळ केला होता ते लिहून ठेवा. बदामी कडेच्या काळ्या बुटाला पॉलिश करताना आधी कडेवर मेण फिरवा आणि मगच काळे क्रीम उघडा. मेणाच्या थरावर सांडलेले क्रीम पुसले जाते, उघड्या कडेत गेलेले नाही.